‘जरूर वाचा’ म्हटल्यावर कोणी का वाचत नाही?

पत्र

आम्ही नाशिकमध्ये ३४ जणांचा एक वाचनकट्टा चालवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर गट आहे आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोणाच्या तरी घरी भेटतो. वयं १९ ते ७८. सुरुवातीला खूप उत्साह होता. आता गटात रोज दोन-तीन मुखपृष्ठांचे फोटो येतात, खाली ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘जरूर वाचा’. त्यावर अंगठे येतात, पण ते पुस्तक पुढे कोणी वाचल्याचं दिसत नाही. बैठकीत तेच तीन-चार जण बोलतात. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी (सगळे त्यांना सर म्हणतात) ‘मृत्युंजय’ सुचवली होती. कॉलेजातल्या एका मुलीनं गटावर लिहिलं, “शंभर पानांनंतर सोडली, फार रडवी आणि बोअर.” सरांनी “या पिढीला वाचायचा धीरच नाही” असं लिहून गट सोडला. तेव्हापासून न आवडलेल्या पुस्तकाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. शिवाय काही जण सर्रास पीडीएफ टाकतात. पुढची पुस्तकं कोणती घ्यावीत, आणि दोन सभासद सतत स्वतःचीच पुस्तकं सुचवतात त्यांना काय सांगावं, हेही कळवा. गट बंद करू या असं काहींचं म्हणणं आहे. मला तो बंद होऊ द्यायचा नाही.

— कट्ट्याची समन्वयक, नाशिक

उत्तर

गट बंद करू नका. १९ वर्षांची मुलगी आणि ७८ वर्षांचे आजोबा एकच कादंबरी हातात घेतात आणि तिच्यावरून एकमेकांवर चिडतात, असं घर सोडाच, कॉलेजातही फारसं घडत नाही. तुमच्याकडे ते घडलंय. बिघाड आहे तो पुस्तक सुचवण्याच्या रीतीत आणि प्रती मिळवण्याच्या व्यवस्थेत. दोन्ही दुरुस्त होण्यासारखे आहेत.

आधी सुचवण्याचं बघू. ‘अप्रतिम’ या शब्दावरून सुचवणाऱ्याला आनंद झाला एवढंच कळतं. वाचणाऱ्याला हवं असतं वेगळंच: पुस्तक केवढं आहे, भाषा मला झेपेल का, माझ्या आत्ताच्या मनःस्थितीत ते वाचवेल का आणि मिळेल कुठे. यातलं काहीच हाती लागत नाही, म्हणून तो अंगठा देऊन पुढे जातो. त्याला आळशी म्हणू नका. निर्णय घ्यायला लागणारी माहिती त्याला कोणी दिलेलीच नाही.

तेव्हा गटात एवढाच नियम करा: फोटो टाकायचा असेल तर टाका, पण त्याखाली ८० ते १२० शब्द लिहायचेच. कमी लिहिलं तर पुस्तक कळत नाही आणि जास्त लिहिलं तर फोनवर कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. या शब्दांत काय यावं ते एका उदाहरणानं सांगते. समजा कोणी लिहिलं, “बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकरांची अजरामर कलाकृती. प्रत्येक मराठी माणसानं वाचायलाच हवी.” हे वाचून कोणी हललं नाही. आता हे बघा:

“बनगरवाडी, व्यंकटेश माडगूळकर. कादंबरी, पहिली आवृत्ती १९५५, दीडशे पानांच्या आसपास. माणदेशातल्या धनगरांच्या छोट्या वस्तीवर एक तरुण मास्तर येतो, बंद पडलेली शाळा चालवायला बघतो, आणि तोच आपल्याला सगळं सांगतो. मोठं कथानक नाही, खलनायक नाही. वाक्यं छोटी आणि साधी. संवाद माणदेशी बोलीत आहेत, पाच-दहा पानांत कानाला सरावतात. गाव मिळून तालीम बांधतं तो भाग मी दोनदा वाचला. नव्या गावी नोकरीला गेलेल्यांना आणि लांबलचक कादंबऱ्यांचा धसका घेतलेल्यांना नक्की द्या. ‘पुढे काय होणार’ या ओढीनं वाचणाऱ्यांचा विरस होईल. दोन संध्याकाळींत होते. माझ्याकडे प्रत आहे, आणि वाचनालयातही आहे.”

हा मजकूर वाचून निम्मे लोक म्हणतील, हे माझं नाही. तेच हवंय. उरलेले निम्मे पुस्तक मागतील. कोणाला आवडणार नाही हे लिहायला लोक कचरतात, कारण त्यात पुस्तकाचा अपमान होतो असं त्यांना वाटतं. पण शिफारशीवर विश्वास बसतो तो त्याच ओळीमुळे. सगळ्यांना सगळंच आवडेल असं लिहिणाऱ्याचं पाचवं पुस्तक कोणी उघडत नाही.

दोन-तीन बारीक गोष्टी आहेत, त्या सुटल्या की घोळ होतात. आवृत्ती सांगावी. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ पूर्णही मिळतं आणि संक्षिप्तही. निम्म्या गटाकडे एक आणि निम्म्याकडे दुसरं आलं की बैठकीत पानं जुळत नाहीत आणि प्रसंगही नाहीत. अनुवादित पुस्तक असेल तर अनुवादकाचं नाव लेखकाच्या शेजारी लिहावं. कन्नड कादंबरीकार भैरप्पांची ‘पर्व’ मराठीत वाचून भारावलेला माणूस उमा कुलकर्णींचं मराठी वाचत असतो, आणि एका अनुवादकाचं काम आवडलं की पुढची चार पुस्तकं शोधायला तेच नाव उपयोगी पडतं. आपण किती वाचलंय तेही प्रामाणिकपणे लिहावं. “ऐंशी पानं झालीत, अजून चालू आहे” ही चांगली शिफारस होऊ शकते, पण पूर्ण वाचल्याचा आव आणला की पहिल्याच प्रश्नाला उघडं पडायला होतं. पुस्तकात लेकराचा मृत्यू, आत्महत्या, लैंगिक अत्याचार असेल तर एका ओळीत सूचना द्या. घरात नुकतं काही घडून गेलेल्या माणसाच्या हाती असं पुस्तक न सांगता पडू नये.

कथा किती उघड करायची? शिफारशीत पहिल्या चतुर्थांशापर्यंत. बैठकीत मात्र सगळं खुलं. पुस्तक पूर्ण न झालेल्यांनीही यावं, पण “शेवट सांगू नका” असं म्हणून बाकीच्यांची चर्चा अडवू नये.

फोटोबद्दल एक व्यावहारिक अडचण. व्हॉट्सअ‍ॅपच्या शोधात मुखपृष्ठावरचं नाव सापडत नाही, फक्त टाइप केलेलं सापडतं. तीन महिन्यांपूर्वी कोणी काय सुचवलं होतं ते शोधायला गेलात की हाती काही लागत नाही. म्हणून प्रत्येक शिफारशीची सुरुवात ‘शिफारस:’ या शब्दानं आणि पुढे देवनागरीत नाव-लेखक अशीच करा. नाव कधी मराठीत, कधी रोमन लिपीत असं चाललं की शोध पुन्हा फसतो. महिन्यातून एकदा कोणीतरी हे सगळं एका गुगल शीटमध्ये उतरवावं: पुस्तक, लेखक, अनुवादक, पानं, कोणी सुचवलं, कोणासाठी आणि प्रत कोणाकडे. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. हे काम कॉलेजातल्या मुलांकडे द्या, त्यांना तासभरही लागणार नाही. शीटची लिंक गटाच्या वर्णनात ठेवा. पिन केलेला संदेश जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, त्यामुळे पिन फक्त त्या महिन्याच्या पुस्तकासाठी वापरा.

आता प्रतींचं. बहुतेक कट्टे वादानं मोडत नाहीत, पुस्तक हाती न आल्यानं विरतात. पुस्तक जाहीर होतं, महिना हाती असतो, गावात दोन-तीन प्रती असतात, आणि बैठकीच्या दिवशी वाचलेले निघतात चार. तेच चार बोलतात. तुमच्याकडे बोलणारे तेवढेच का, याचं अर्धं कारण बहुधा हेच आहे. बाकीच्यांनी पुस्तक पाहिलेलंच नसतं, ते बोलणार काय?

हिशोब सोपा आहे. पुस्तक बैठकीच्या ८ आठवडे आधी ठरवा. ५ प्रती गोळा करा आणि प्रत्येक वाचकाला १४ दिवस द्या. ५६ दिवसांत एका प्रतीचे चार वाचक होतात, म्हणजे पाच प्रतींत २० जण. ३४ च्या गटात २० जणांनी वाचलेलं असणं ही उत्तम स्थिती आहे. बैठक दर महिन्याला हवी असेल तर दोन पुस्तकं एकाच वेळी फिरती ठेवा: एक या महिन्याचं, एक पुढच्या. कोणाकडून कोणाकडे जाणार ती साखळी आधीच लिहून जाहीर करा, ‘वाचून झालं की कळवतो’ यावर सोडू नका. १४ दिवसांत पुस्तक संपलं नाही तरी ते पुढे द्यायचं आणि रांगेच्या शेवटी पुन्हा नाव लावायचं. सातशे पानांच्या पुस्तकाला हा हिशोब लागू पडत नाही, त्याबद्दल खाली लिहिते.

पाच प्रती कुठून? सभासदांच्या घरच्या कपाटांत एक-दोन असतातच, पण विचारल्याशिवाय कळत नाहीत. सार्वजनिक वाचनालय तर तुमच्या गावात १८४० पासूनचं आहे. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी तिथलं सभासदत्व घ्यावं आणि ग्रंथपालांना आधी भेटून आपली दोन महिन्यांची यादी द्यावी. कोणतं पुस्तक बाहेर गेलंय आणि कधी येईल हे ते सांगू शकतात, आणि ठरावीक पुस्तकाला मागणी आहे हे दिसलं तर पुढच्या खरेदीत त्याचा विचारही होऊ शकतो. उरलेल्या प्रती वर्गणीतून घ्या. माणशी ५० रुपयांनी १,७०० रुपये होतात. दीडशे-दोनशे पानांच्या पुस्तकाच्या पाच प्रती त्यात बसाव्यात, आणि एकदम पाच घेतल्यावर विक्रेत्याकडे सवलत मागायला संकोच करू नका. पुस्तक जाहीर करण्याच्या आधी दुकानात किंवा प्रकाशकाकडे एक फोन करा. मराठीत चांगली चांगली पुस्तकं वर्षानुवर्षं छापलेली नसतात, आणि मतदान होऊन निवडलेलं पुस्तकच मिळत नाही म्हटल्यावर सगळ्यांचा उत्साह बसतो.

कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना २००९ मध्ये तुमच्याच शहरातून निघाली. वाचकांच्या गटाला पुस्तकांनी भरलेली पेटी मिळते आणि काही महिन्यांनी ती बदलली जाते. तुमच्या कट्ट्यासारख्या गटासाठी ती मुद्दाम आखल्यासारखी आहे. चौकशी करा. महिन्याच्या पुस्तकाशिवाय इतर वेळी काय वाचायचं हा प्रश्न त्यातून सुटेल.

पीडीएफबद्दल कडक राहा. भारतात लेखकाच्या हयातीत, आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं त्याच्या पुस्तकावर हक्क असतो. ह. ना. आपटे १९१९ मध्ये गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये, साने गुरुजी १९५० मध्ये. यांचं मूळ लेखन आता सर्वांसाठी खुलं आहे आणि मराठी विकिस्रोतावर अशी बरीच पुस्तकं रीतसर वाचायला मिळतात. तिथल्या लिंका गटात खुशाल टाका. मात्र जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि कुठल्याही अनुवादाचं मराठी यांवर वेगळे हक्क असतात, तेव्हा नवी आवृत्ती स्कॅन करून पाठवता येत नाही. हयात लेखकाचं पुस्तक फुकट फिरवणं म्हणजे त्याच्या पुढच्या पुस्तकाच्या मुळावर येणं. मराठीत हजारभर प्रतींची आवृत्ती संपायला काही वर्षं लागतात. त्यात तीस-चाळीस जणांच्या दहा-बारा गटांनी पीडीएफ फिरवली तर प्रकाशक दुसरी आवृत्ती काढेल कशाला? गटात हे एकदा शांतपणे लिहा आणि त्यानंतर आलेली पीडीएफ समन्वयक म्हणून काढून टाका. दर वेळी वाद घालत बसू नका.

आता सर आणि ती मुलगी. दोघंही अर्धं बरोबर बोलले, असं माझं मत आहे. “शंभर पानांनंतर सोडली” ही मुलीनं दिलेली मोलाची माहिती आहे. “रडवी” हेसुद्धा एक निरीक्षण आहे, फक्त ते पानापर्यंत नेलेलं नाही. “बोअर” हा शब्द मात्र चर्चा तिथेच संपवतो. आणि सरांना कादंबरीबद्दल उत्तर देता आलं असतं, त्यांनी ते पिढीबद्दल दिलं.

गटासाठी यातून एकच शिस्त काढा: न आवडल्याचं जरूर सांगा, पण कुठे आणि कशामुळे हे सांगितल्याशिवाय नाही. न आवडण्याचेही प्रकार असतात. भाषेत शिरता आलं नाही, हा एक. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ पहिल्यांदा हाती घेणाऱ्या कितीतरी जणांचं असं होतं. कथानकाची वाट बघत ते हॉस्टेलच्या दिवसांपाशी थांबतात. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर गोष्ट सांगत नसून स्वतःच्या आयुष्याचा जमाखर्च मांडतोय हे कोणी आधी सांगितलं असतं, तर ते कदाचित थांबले नसते. पुस्तकाचं म्हणणं पटलं नाही, हा दुसरा प्रकार, आणि बैठकीला सगळ्यांत जास्त रंग चढवणारा. लेखन कच्चं आहे, हा तिसरा. त्यासाठी उतारा वाचून दाखवायची तयारी हवी. सभासदाला एवढंच विचारा, “यातलं तुमचं कोणतं?” उत्तर देताना माणूस आपोआप पुस्तकाबद्दल बोलू लागतो, आणि सुचवणाऱ्यालाही आपल्यावर हल्ला झालाय असं वाटत नाही.

‘मृत्युंजय’ वर शंभर पानांत थकणं मला समजतं. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची, सातशे पानांच्या घरातली. भाषा अलंकारिक आहे, उपमांवर उपमा येतात. सवय नसलेल्या वाचकाला तो भार होतो. पण तिचं मोठं बळ तिच्या रचनेत आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडून बोलतात, कर्ण पुन्हा पुन्हा परततो. सुरुवातीच्या शंभर पानांत वाचकाला मुख्यतः कर्णाचाच आवाज भेटतो. आवाज बदलला की त्याच माणसाकडे वेगळ्या बाजूनं बघता येतं, आणि त्या टप्प्याच्या आधीच पुस्तक मिटलं तर कादंबरीचा डावच दिसत नाही. हे शिफारस करतानाच सांगायला हवं होतं: “कुंती बोलू लागेपर्यंत थांबा, तिथेही नाही जमलं तर सोडा.” जाड पुस्तकाच्या प्रत्येक शिफारशीत असा एक टप्पा द्यावा. सोडायची परवानगी मिळाली की माणूस उलट जास्त वाचतो.

सरांना परत आणायला गटावर माफीनामे लिहून घेऊ नका. त्या मुलीनं माफी मागावी असं तिनं काही केलेलं नाही. तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जा, फोन नको. “रागावू नका, परत या” एवढंच म्हणालात तर ते भिडेखातर येतील आणि गप्प बसतील. त्याऐवजी त्यांच्याकडे काम द्या: “सर, पुढची बैठक कर्णावर ठेवलीय. ‘मृत्युंजय’ मधली तुमच्या आवडीची दहा पानं निवडा आणि मोठ्यानं वाचा. ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यापर्यंत ती तुमच्या आवाजातून पोचू दे.” अलंकारिक गद्य डोळ्यांनी वाचताना जड जातं ते कानावर पडलं की पुष्कळदा पेलतं.

आणि त्या मुलीला इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ द्या. पूर्ण नको, त्यातला कर्णावरचा लेख फक्त. गंमत म्हणजे हेही पुस्तक १९६७ चंच, आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सिद्ध झालेली महाभारताची संशोधित आवृत्ती हाताशी धरून त्या माणसं तपासतात, कोणाचीही गय करत नाहीत. सावंतांचा कर्ण अन्याय सोसलेला महानायक आहे. इरावतीबाईंना त्याच्यात चुकाही दिसतात आणि त्या तशाच मांडतात. मुलीची “रडवी” ही तक्रार या लेखाच्या शेजारी ठेवली की तिचा नीट मुद्दा होतो: अन्याय झालेल्या माणसाच्या तोंडून त्याची कथा सांगितली की त्याच्या चुका कुठे जातात? हा प्रश्न तिनं सरांना विचारावा. सरांकडे याचं उत्तर नक्की असेल, आणि ते ऐकण्यासारखं असेल.

दहा पानं आणि एक लेख, एवढंच वाचन. सातशे पानांच्या पुस्तकावर बैठक घ्यायची ती अशीच, तुकडा ठरवून. प्रतींचा प्रश्नही त्यानं मिटतो.

बैठकीची घडी थोडी बदला. दीड तास पुरे. पहिली दहा मिनिटं कोणीतरी वाचून दाखवावं, लगेच मतं नकोत. मग प्रत्येकाला दोन मिनिटं. पंधरा जण आले तर अर्धा तास, आणि या फेरीत कोणी कोणाला उत्तर द्यायचं नाही. त्यानंतर पस्तीस-चाळीस मिनिटं मोकळी चर्चा आणि शेवटी पुढच्या पुस्तकाचं. जे नेहमी बोलतात त्यांना फेरीत शेवटी बसवा, आणि तुम्ही स्वतः सगळ्यांत शेवटी बोला. समन्वयकानं आधी मत दिलं की अर्धे लोक त्याला मान डोलावून मोकळे होतात. न बोलणाऱ्यांना “तुम्हाला कसं वाटलं?” असं एकदम विचारू नका. या प्रश्नाला “छान” यापलीकडे उत्तरच निघत नाही. आठवडाभर आधी त्यांना कळवा की एक परिच्छेद निवडून आणा, फक्त वाचायचा, मत द्यायची सक्ती नाही. वाचून झालं की “हाच का?” एवढंच विचारा. ज्यांनी वर्षभर तोंड उघडलं नाही असे लोक इथे बोलतात. बाकीच्यांना विचारायचे प्रश्नही असेच पुस्तकात बोट ठेवायला लावणारे हवेत: कुठल्या पानावर थांबलात, कोणाला लेखकानं बोलूच दिलेलं नाही, कुठलं प्रकरण काढलं तरी चाललं असतं.

पुढच्या पुस्तकांसाठी मतदान जरूर घ्या, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या मतदानात १२ पर्याय देता येतात म्हणून बारा देऊ नका. मतं विखुरतात आणि पाच मतांचं पुस्तक जिंकतं. चार पुरेत. आणि ज्याची शंभरेक शब्दांची शिफारस आधी गटात आलेली नाही, ते पुस्तक मतदानात नाही.

माझ्याकडून विचाराल तर कर्णाच्या बैठकीनंतर ‘बनगरवाडी’ घ्या. छोटी आहे, सगळ्यांची पूर्ण वाचून होईल, आणि गटाला एकदा तरी ‘सगळ्यांनी वाचलंय’ असा अनुभव हवा. त्यानंतर विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९ ची. तीही लहान. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेली बोट, तिच्यावर नाझींच्या छळामुळे देश सुटलेले ज्यू, आणि त्यांच्यातल्या हेर्टाशी मराठी नायकाची झालेली ओळख. ती नुकती लिहिलीय असं वाटण्याइतकी भाषा ताजी आहे. वयानं लहान सभासदांना जुनं मराठी जड असतं ही समजूत तिथे गळून पडेल.

मग ‘स्मृतिचित्रे’, दोन बैठकांत. लक्ष्मीबाईंची लिहिण्याची रीत समोर बसून बोलल्यासारखी आहे, त्यामुळे ते मोठ्यानं वाचायला फार उत्तम. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाची सुरुवातीची प्रकरणं पहिल्या बैठकीला, आणि १८९५ मध्ये त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्या सुमाराची दुसऱ्या. ज्या गोष्टीनं संसार उन्मळला ती इतक्या हसतमुखानं कशी लिहिता येते, यावर तुमच्यातल्या वयस्क बायका जे बोलतील ते दुसरं कोणी बोलू शकणार नाही. त्यांना बोलायला जागा ठेवा.

दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन, १९७८ चं, वर्षभरात कधीतरी घ्याच, पण पहिल्या दोन-तीन बैठकांची घडी बसल्यावर. अशा पुस्तकावर चर्चा घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कोणीतरी भाषा शिवराळ आहे म्हणतं आणि मग तासभर शिव्यांवरच बोलणं होतं. कोणीतरी “आता असं काही राहिलेलं नाही” म्हणतं. आणि कोणाला तरी त्याच्या जातीमुळे “तुम्हीच सांगा ना तुमचा अनुभव” असा आग्रह होतो. हे तिसरं तर अजिबात होऊ देऊ नका. पुस्तक वाचायला आलेला माणूस साक्षीदार म्हणून आलेला नसतो. त्यानं आपणहून सांगितलं तर सगळ्यांनी ऐकावं. चर्चेला एक प्रश्न आधीच देऊन ठेवा: हे सगळं सांगणारा माणूस स्वतःला कुठे कुठे माफ करत नाही? पुस्तकात त्याची उत्तरं पानोपानी आहेत, आणि त्या प्रश्नाला धरून राहिलं तर बोलणं भरकटत नाही.

राहिले ते दोन लेखक-सभासद. त्यांना गप्प करू नका, गटात लिहिणारी माणसं असणं चांगलंच. नियम सर्वांना सारखा ठेवा: नवं पुस्तक आलं की स्वतः लेखकानं एकदाच कळवायचं, विकत कुठे मिळेल तेही लिहायचं. त्यापुढे त्या पुस्तकाची शिफारस दुसऱ्या सभासदानं वाचून लिहिली तरच ते मतदानात येईल, आणि तिथेही ‘कोणाला आवडणार नाही’ ही ओळ लागेलच. पुस्तक निवडलं गेलं तर त्या बैठकीत लेखकानं पहिला तासभर फक्त ऐकायचं आणि शेवटच्या दहा मिनिटांत बोलायचं. हे त्यांना आधी, एकेकट्याला भेटून सांगा. सगळ्यांदेखत सांगितलंत तर नियम चांगला असूनही तो त्यांना लागेल.